डॅशबोर्डमागे जीपीएस, स्टँडवर जुना फोन: गाडीतलं वायरिंग नीटनेटकं कसं करायचं

लायटरच्या सॉकेटमध्ये चार्जर, तिथून गिअरवरून लोंबणारी वायर आणि काचेला चिकटवलेला, ऊन तापलं की गळून पडणारा स्टँड. बहुतेक गाड्यांत नकाशाची सोय अशीच असते. तीच सोय एकही वायर न दिसता, चावी फिरवली की चालू आणि काढली की बंद अशी करता येते. त्यासाठी गाडीची एकही मूळ वायर कापावी लागत नाही, आणि उद्या गाडी विकायची झाली तर सगळं तासाभरात काढून घेता येतं.

इथे धरलेली मांडणी अशी: डॅशबोर्डच्या आत लपवलेला जीपीएस रिसीव्हर, त्याला जोडलेलं छोटं ब्लूटूथ मॉड्यूल, आणि स्टिअरिंगच्या डाव्या हाताला स्टँडवर जुना अँड्रॉइड फोन. फोनला वायर एकच, चार्जिंगची. गाडी कुठे आहे (पुढे याला ‘जागा’ म्हटलंय) ही माहिती त्याला ब्लूटूथवरून, हवेतून येते.

फोनमध्ये जीपीएस असतंच, मग वेगळा रिसीव्हर कशाला, हा प्रश्न रास्त आहे. फोन डॅशबोर्डच्या वरच्या कडेला, साध्या काचेखाली राहणार असेल तर खरंच गरज नाही; या लेखातला विजेचा भाग तेवढा करा आणि थांबा. पण फोन खाली, एसीच्या जाळीपाशी बसवायचा असेल, पुढच्या काचेवर उष्णता परतवणारा धातूचा थर असेल किंवा फोनच इतका जुना असेल की जागा सापडायला त्याला पाच मिनिटं लागतात, तर वेगळा रिसीव्हर लगेच फरक दाखवतो. शिवाय फोन उपग्रहांची ताजी माहिती इंटरनेटवरून मागवून वेळ वाचवतो. ताम्हिणी किंवा वरंधा घाटात नेटवर्क गेलं की ती मदत बंद, आणि मग ती माहिती थेट उपग्रहाकडून, सेकंदाला ५० बिट अशा गोगलगायीच्या वेगाने घ्यावी लागते. मोकळ्या आकाशाखाली याला निदान ३० सेकंद, झाडीत बरेच जास्त. गाडीतला रिसीव्हर घरापासूनच चालू असल्यामुळे घाटात शिरताना त्याच्याकडे ही माहिती आधीच असते.

यूएसबीचा रिसीव्हर फोनला थेट लावण्याचा मोह होतो, पण तो टाळा. ओटीजीवर, म्हणजे फोनच्याच सॉकेटला यूएसबीचं उपकरण जोडायच्या सोयीवर, रिसीव्हर लावला की बहुतेक जुने फोन त्याच सॉकेटमधून चार्ज होणं सोडून देतात. म्हणजे नकाशा चालू आणि बॅटरी संपत चाललेली. ब्लूटूथमुळे चार्जिंगचं सॉकेट मोकळं राहतं. मात्र आयफोन अशा साध्या ब्लूटूथ मॉड्यूलला जोडला जात नाही. त्याला अॅपलने मान्यता दिलेला तयार रिसीव्हरच घ्यावा लागतो.

ट्रेकला वापरायचं गार्मिनसारखं हातातलं यंत्र बसवायचं असेल तर काम आणखी सोपं, कारण त्याचा अँटेना आतच असतो आणि लागते फक्त वीज. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ईट्रेक्स २० किंवा ३० मधले पेन्सिल सेल यूएसबीवरून चार्ज होत नाहीत. बाहेरची वीज मिळत असेपर्यंत ते फक्त खर्च होत नाहीत. आणि ही यंत्रं गाडीच्या स्टिरिओच्या यूएसबीला लावलीत तर पेन ड्राइव्ह बनून बसतात, नकाशा बंद होतो. त्यांना निव्वळ वीज देणारं सॉकेटच हवं.

सामान

इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं. फ्यूज टॅप (मूळ फ्यूजच्या खाचेत बसून आपल्यासाठी वेगळी वायर काढून देणारा जोड), लग (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं कडं) आणि वायर ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानात. जीपीएससाठी यू-ब्लॉक्सचं नियो-६एम किंवा नियो-एम८एन मॉड्यूल, त्याला सुटा सिरॅमिक अँटेना. ब्लूटूथसाठी एचसी-०५. विजेसाठी १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा ३ अँपिअरचा कन्व्हर्टर, उसळलेलं व्होल्टेज अडवणारा १.५केई२४ए हा टीव्हीएस डायोड, फ्यूज टॅप आणि ३ अँपिअरचा फ्यूज, म्हणजे जांभळा. वायर १ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची ऑटो वायर, लाल आणि काळी प्रत्येकी ३ मीटर. घरच्या वायरिंगची एकेरी जाड तार नको, हादऱ्यांनी ती आतल्या आत तुटते. बाकी ६ मिलिमीटर भोकाचे रिंग लग, क्रिंप करायचे (हत्याराने दाबून बसवायचे) जोड, हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी), १०० मिलिमीटरच्या केबल टाय, एक क्लिपचा फेराइट (वायरीतला विजेचा गोंगाट कमी करणारं कडं) आणि कापडी फ्लीस टेप. काळी पीव्हीसी टेप केबिनमध्ये वापरू नका. एप्रिल-मेच्या उन्हात तिचा गोंद वितळतो, टेप सरकते आणि जोड उघडा पडतो. वर हाताला चिकटा राहतो तो वेगळाच.

हत्यारांत डिजिटल मल्टिमीटर, बऱ्यापैकी क्रिंपिंग टूल, १० नंबरचा पाना आणि पॅनल उचकटायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या. स्क्रू ड्रायव्हरने पॅनल उचकटलं की कडेला जो पांढरा ओरखडा येतो तो कायमचा. दिवा लावलेला जुना टेस्टर या कामात आणूच नका. तो वायरीतून बराच करंट ओढतो, आणि चुकून एअरबॅगच्या वायरीला लागला तर परिणाम महागात पडेल.

वीज कुठून घ्यायची

फ्यूज बॉक्स बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली उजवीकडे किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. गाडीच्या पुस्तिकेत कोणता फ्यूज कशाचा याचा तक्ता असतो. तो आधी वाचा. आपल्याला चावी फिरवल्यावरच वीज येणारा फ्यूज हवा. लायटर सॉकेटचा किंवा स्टिरिओच्या एसीसीचा (चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या लाइनचा) उत्तम. एअरबॅग, एबीएस, इंजिनचा कॉम्प्युटर, फ्युएल पंप, पॉवर स्टिअरिंग यांच्या फ्यूजना हात लावायचा नाही. रिकामा खाचा दिसला म्हणून खूश होऊ नका. त्यात बहुधा आत पितळी पातंच नसतं.

फ्यूज कोणत्या जातीचा आहे ते टॅप विकत घ्यायच्या आधी बघा. मिनी, लो-प्रोफाइल मिनी आणि मायक्रो-२ वरून दिसायला सारखे वाटतात, पण एकाचा टॅप दुसऱ्यात ढिला बसतो. ढिला बसलेला टॅप तापतो आणि फ्यूज बॉक्सचं प्लास्टिक वितळवतो. टॅप बसवल्यावर बॉक्सचं झाकण लागतं का, तेही तिथल्या तिथे पाहून घ्या.

टॅप कोणत्या दिशेने बसवायचा, इथे बहुतेक जण अंदाजाने काम उरकतात. मूळ फ्यूज काढा, चावी ऑनवर ठेवा, मल्टिमीटरची काळी सुई गाडीच्या उघड्या धातूला आणि लाल सुई खाचेतल्या दोन पात्यांना आळीपाळीने लावा. ज्या पात्यावर १२ व्होल्ट दिसतात ती बॅटरीची बाजू. आता टॅप हातात घ्या, त्यात फक्त आपला ३ अँपिअरचा फ्यूज लावा, मूळ फ्यूजची जागा रिकामी ठेवा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर करून टॅपच्या वायरीपासून दोन्ही पायांपर्यंत तपासा. ज्या पायाशी बीप वाजतो तो पाय बॅटरीच्या बाजूला जायला हवा. असं बसवलं की आपला करंट फक्त आपल्या फ्यूजमधून जातो. उलटं बसवलं तरी सगळं चालतंच, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण मग आपला भार मूळ फ्यूजवरही पडतो, आणि एखाद्या दिवशी टायरचा पंप लावला की दोन्ही एकदम बंद.

३ अँपिअर का? फोन ५ व्होल्टला २ अँपिअर घेईल, म्हणजे १० वॅट. रिसीव्हर आणि ब्लूटूथ मिळून अर्धा वॅट. कन्व्हर्टरमध्ये १५-२० टक्के वाया जातात. हिशोब साधारण साडेबारा ते तेरा वॅट, १२ व्होल्टला सव्वा अँपिअरच्या आत. रिलेची गरजच नाही. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्या जागी १० अँपिअरचा लाल फ्यूज ठोकून देणं हा आपल्याकडचा आवडता उपाय. त्याने बिघाड जात नाही, फक्त वायर जळायची सोय होते.

एसीसी लाइनचा एक स्वभाव आहे. स्टार्टर फिरताना ती क्षणभर मरते, म्हणजे रिसीव्हर बंद पडून पुन्हा चालू होतो. यात बिघडत काही नाही. मॉड्यूलवर छोटी राखीव बॅटरी असते, तिच्यामुळे उपग्रहांची माहिती पुसली जात नाही आणि काही सेकंदांत जागा परत मिळते. रिसीव्हर कायम चालू ठेवायचा म्हणून त्याला थेट बॅटरीची लाइन देण्याची टूम मात्र नको. १२ व्होल्टच्या बाजूला तो ५० मिलिअँपिअर जरी खात राहिला तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. तीन आठवडे गावाला जाऊन आलात की गाडी ढकलायला शेजाऱ्यांना बोलवा.

काळी वायर गाडीच्या बॉडीला. डॅशबोर्डखाली कंपनीने अर्थिंगसाठी वापरलेला बोल्ट शोधा, त्याच्याखाली रिंग लग द्या. रंगावर लग बसवला तर अर्थ मिळत नाही. लगच्या आकाराइतका रंग खरवडा. सीट बेल्टचा बोल्ट आणि मधल्या बोगद्यावरच्या एअरबॅग युनिटचे बोल्ट यासाठी कधीच सैल करू नका. काम झाल्यावर सगळं चालू ठेवून लग आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा, ०.१ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंग कच्चं आहे.

पिवळ्या पाटीच्या बऱ्याच गाड्यांमध्ये एआयएस-१४० चा सरकारी ट्रॅकर आधीच बसवलेला असतो. त्याच्या वायरीतून वीज घ्यायची नाही आणि त्याचा अँटेनाही हलवायचा नाही.

१२ व्होल्ट लांब न्या, ५ व्होल्ट आखूड ठेवा

या कामात सर्वाधिक डोकेदुखी इथूनच सुरू होते. कन्व्हर्टर फ्यूज बॉक्सपाशी बसवून तिथून दीड मीटरची स्वस्त यूएसबी केबल फोनपर्यंत नेली, तर काय होतं ते पाहा. अशा केबलमधली तार २८ गेजची असते, मीटरला साधारण ०.२१ ओहम. जाऊन-येऊन तीन मीटर, म्हणजे ०.६४ ओहम. दीड अँपिअर वाहिला की जवळपास १ व्होल्ट केबलमध्येच खर्च. फोनपाशी पोहोचतात ४ व्होल्ट, आणि फोन चार्जिंगचं चिन्ह दाखवत असतानाच टक्के उतरत जातात. म्हणून १२ व्होल्टची जाड वायर फोनच्या जागेपर्यंत न्या, कन्व्हर्टर तिथेच मागे लपवा, आणि यूएसबी केबल ३० सेंटिमीटरच्या आत ठेवा. १२ व्होल्टच्या वायरीत करंटही कमी आणि अर्ध्या व्होल्टने तिथे कुणाचं अडतही नाही.

जुने मेकॅनिक अजूनही ७८०५ हा जादा व्होल्टेज उष्णतेत घालवणारा साधा रेग्युलेटर सुचवतात. १४ व्होल्टवरून ५ करताना २ अँपिअरला त्यात १८ वॅटची उष्णता निघते. डॅशबोर्डमागे ती जागच्या जागी भाजेल. स्विचिंग कन्व्हर्टरच हवा. एलएम२५९६ चं उघडं बोर्ड स्वस्त मिळतं, पण त्याचं व्होल्टेज छोट्या पितळी स्क्रूने ठरतं आणि नवीन बोर्डवर ते कितीही असू शकतं. फोन लावायच्या आधी, टेबलावर, १२ व्होल्टच्या अॅडॅप्टरवर बोर्ड चालवून ५.१ व्होल्टला आणा. सुरुवातीचे आठ-दहा फेरे काहीच बदलणार नाही, मग अचानक उतरायला लागेल. जमलं की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, नाहीतर हादऱ्यांनी तो सरकतो. हे नको असेल तर डॅशकॅमसाठी मिळणारा, रेझिनमध्ये ओतलेला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा तयार कन्व्हर्टर घ्या. तो ओल, धूळ, हादरे सगळं सोसतो, आणि कौल द्यायचा झाला तर त्यालाच.

टीव्हीएस डायोड कन्व्हर्टरच्या तोंडाशी, लाल आणि काळ्या वायरीच्या मध्ये लावायचा; त्याची पट्ट्याची बाजू लालकडे. गाडी चालू असताना बॅटरीचा टर्मिनल सुटला तर अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर बरंच वर उसळतं. हा डायोड ते ३३ व्होल्टच्या आसपास अडवतो, आणि एलएम२५९६ ला ४० पर्यंत चालतं. तुम्ही लाल-काळी उलटी जोडलीत तरी हाच डायोड फ्यूज उडवून पुढचं सामान वाचवतो.

साधं यूएसबी सॉकेट स्वतः जोडत असाल तर मधल्या दोन पिना, म्हणजे डेटाच्या, एकमेकींना जोडा. ५ व्होल्टला किंवा अर्थला नाही, फक्त एकमेकींना. त्या मोकळ्या राहिल्या तर फोन समोर कॉम्प्युटर आहे असं समजून अर्ध्या अँपिअरवरच थांबतो. स्क्रीन पूर्ण उजेडात आणि नकाशा चालू असताना तेवढ्याने भागत नाही.

जोड सगळे क्रिंपने करा. गाडीत सोल्डरचा जोड जिथे संपतो तिथे तार कडक होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. सोल्डर करावंच लागलं, उदाहरणार्थ बोर्डवर, तर पुढचे दोन सेंटिमीटर हीट श्रिंकमध्ये घेऊन वायर बोर्डला बांधा. पिळून टेप मारलेला जोड म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा डॅशबोर्ड उघडायचं आमंत्रण.

वायरचा रस्ता

पॅनल उघडायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितली असतील तितकी मिनिटं थांबा. स्टिरिओला कोड लागतो का ते त्याआधी बघून ठेवा.

फ्यूज बॉक्सपासून डॅशबोर्डच्या मध्यापर्यंत कंपनीचं वायरिंगचं जाड जुडगं आधीच गेलेलं असतं. त्याच्याच पाठीवरून जा. दर १५ सेंटिमीटरला एक टाय, आणि टायचं शेपूट अगदी मुळाशी कापा. तिरकं कापलेलं टोक पुढच्या माणसाचा हात फाडतं. पिवळ्या नळीतली किंवा पिवळ्या कनेक्टरची वायर एअरबॅगची असते, तिला आपली वायर बांधायची नाही. स्टिअरिंगचा जो भाग वर-खाली सरकतो त्याला काहीही बांधू नका. ब्रेक आणि क्लचच्या वरून जाताना वायर इतकी घट्ट हवी की तिच्यात बोट अडकवून ओढलं तरी खाली लोंबता कामा नये.

पुढच्या काचेच्या कडेच्या खांबातून जायची गरज या मांडणीत पडत नाही, आणि तेच बरं. डॅशकॅम वगैरेसाठी तिथून जाणारच असाल आणि खांबावर एअरबॅगची खूण असेल, तर वायर एअरबॅगच्या मागून, मूळ जुडग्याला धरून न्या. एअरबॅगच्या पुढून गेलेली वायर ती उघडताना अडते किंवा चाबकासारखी बाहेर येते.

इंजिनच्या बाजूला जायचंच नाही, त्यामुळे मधल्या पत्र्याला भोक पाडायचं कारण नाही. उंदीर बहुतेक तिकडूनच येतात. गाडी झाडाखाली किंवा सोसायटीच्या कचराकुंडीजवळ उभी राहत असेल तर आतल्या वायरीवरही नालीदार स्लीव्ह चढवा. प्लास्टिकला टेकणाऱ्या प्रत्येक ठिकाणी फ्लीस टेप गुंडाळा. खडी निघालेल्या रस्त्यावर सुट्या कनेक्टरची कटकट डोकं उठवते, आणि आवाज कुठून येतोय ते कधीच सापडत नाही.

रिसीव्हर बसवणं

जोडणी साधी आहे. दोन्ही मॉड्यूलना ५ व्होल्ट आणि अर्थ, आणि जीपीएसचा टीएक्स (माहिती पाठवणारी पिन) ब्लूटूथच्या आरएक्सला (माहिती घेणाऱ्या पिनेला). जीपीएसचा आरएक्स रिकामा ठेवा. नियो आणि एचसी-०५ दोघेही मुळात ९६०० बॉडवर (बॉड म्हणजे माहिती पाठवण्याचा वेग) बोलतात, त्यामुळे काहीही सेट न करता जोडणी चालते. सेकंदाला एकदा माहिती पाठवण्याचा मूळ वेगही तसाच राहू द्या. इंटरनेटवर तो पाच पट करण्याचे सल्ले सापडतात. ९६०० बॉडमध्ये सेकंदाला ९६० अक्षरं मावतात, आणि एका वेळच्या माहितीलाच त्यातली अर्धी-अधिक लागतात. पाच पट केलं की ओळी तुटक यायला लागतात आणि नकाशावरची गाडी उड्या मारते.

अँटेना म्हणजे २५ मिलिमीटरचा चौकोनी सिरॅमिक तुकडा. त्याचं तोंड आकाशाकडे हवं. जरा कलला तर चालेल, उभा नको. प्लास्टिकमधून जीपीएसचे तरंग सहज येतात, म्हणून मीटरच्या छपराच्या आत किंवा डॅशबोर्डच्या वरच्या प्लास्टिकखाली काचेलगत तो मस्त लपतो. मात्र वर धातू काहीच नको, आणि डावीकडच्या एअरबॅगच्या झाकणापासून दूर. अँटेनाखाली ७ सेंटिमीटरचा चौकोनी पत्रा ठेवला तर सिग्नल सुधारतो. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून व्हीएचबी टेपने, म्हणजे दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटणाऱ्या टेपने, चिकटवा.

काचेवर धातूचा थर असेल तर कंपनी फास्टॅगसाठी आरशाच्या आसपास एक मोकळी, ठिपक्यांची जागा सोडते. अशा गाडीत अँटेनासाठीही तीच खिडकी समजा.

अँटेनाची वायर कापू नका, तिला तीक्ष्ण वळण देऊ नका. उरलेली लांबी मोठ्या, सैल वेटोळ्यात ठेवा. मॉड्यूलवरचा चिमुकला यू.एफएल कनेक्टर तीसेक वेळा काढण्या-घालण्याइतकाच टिकाऊ असतो, म्हणून एकदा टिचकन बसला की ग्लूचा थेंब देऊन विषय संपवा. दोन्ही मॉड्यूल एका प्लास्टिकच्या डबीत, कन्व्हर्टरपासून निदान ३० सेंटिमीटर लांब. उपग्रहाचा सिग्नल जमिनीपर्यंत येताना कमालीचा क्षीण झालेला असतो; शेजारी स्विच होणारा कन्व्हर्टर त्याला सहज बुडवतो. फेराइट कन्व्हर्टरच्या १२ व्होल्टच्या वायरीवर, कन्व्हर्टरला चिकटून.

फोन

स्टँड काचेला नको. सक्शनचा रबर उन्हात मऊ होतो. डॅशबोर्डच्या मधल्या पॅनलच्या मागे २ मिलिमीटरची अॅल्युमिनियमची पट्टी देऊन एम४ च्या दोन स्क्रूंनी स्टँड घट्ट करा. भार प्लास्टिकवर न येता पट्टीवर येतो. चार्जिंगची केबल स्टँडच्या मागून फक्त १५ सेंटिमीटर बाहेर, काटकोनी पिनची.

जागा शक्यतो एसीच्या झोताजवळ निवडा. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, म्हणून तापलेले फोन चार्जिंग आपणहून थांबवतात; नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात दुपारी डॅशबोर्डवर हे रोजचंच. गाडी उभी करताना फोन काढून न्या, स्टँड राहू द्या. बॅटरी फुगलेला फोन या कामाला वापरायचाच नाही.

सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा. एचसी-०५ शी जोडी जुळवा, पिन १२३४. ब्लूटूथ जीपीएसचं एखादं अॅप टाका आणि डेव्हलपर ऑप्शन्समध्ये मॉक लोकेशनसाठी (फोनने स्वतःच्या जीपीएसऐवजी अॅपकडून जागा घ्यावी यासाठी) तेच निवडा. डेव्हलपर ऑप्शन्स चालू असले की काही बँकांची अॅप चालत नाहीत, म्हणून या फोनवर पैशांचे व्यवहार ठेवू नका. नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड दोन्ही चालतात.

१ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता पाहण्यासाठी, आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच वापरता येतं. ठिकाण टाकायचं ते गाडी सुरू करण्यापूर्वी.

चाचणी आणि नेहमीचे बिघाड

पॅनल लावण्याआधी सगळं तपासा. बॅटरी जोडा, चावी ऑन करा, फोन न लावता सॉकेटवर ५.१ व्होल्ट दिसतात का पाहा. इंजिन सुरू करा, दिवे, वायपर, एसी सगळं लावा. आकडा हलता कामा नये. मग फोन लावा आणि पुन्हा मोजा, ४.८ च्या खाली गेला तर दोष केबलचा किंवा कन्व्हर्टरचा.

गाडी मोकळ्यावर उभी करा. इमारतीच्या पार्किंगमध्ये ही चाचणी करण्यात अर्थ नाही. जागा मिळाली की नियो मॉड्यूलवरचा दिवा सेकंदाला एकदा लुकलुकू लागतो. ब्लूटूथ टर्मिनलमध्ये कच्च्या ओळी पाहिल्यात तर आरएमसीच्या ओळीत वेळेनंतरचं अक्षर ए म्हणजे जागा मिळाली, व्ही म्हणजे अजून नाही. ओळी येतच नसतील तर टीएक्स-आरएक्स उलटे झालेत. ओळी येतात पण वाचता येत नाहीत, तर बॉड जुळत नाही. मॉड्यूल आधी कुणीतरी वापरलेलं असणार.

आता उपग्रहांच्या सिग्नलचे आकडे बघा. चांगल्या जागी तीन-चार उपग्रह तरी ३५ ते ४५ मध्ये दिसतात. सगळेच २५ च्या आसपास रेंगाळत असतील तर रिसीव्हर थोडा वेळ पॉवर बँकेवर चालवा आणि कन्व्हर्टरचा फ्यूज काढा. आकडे पाच-सहाने वर गेले तर गोंधळ कन्व्हर्टरचा, अंतर वाढवा. नाही गेले तर अँटेनावर धातू आहे, त्याचं तोंड चुकलंय किंवा काच आड येतेय.

आकाशवाणीचं मिडियम वेव्ह लावल्यावर शिट्टी येत असेल तर तीही कन्व्हर्टरचीच. एलएम२५९६ १५० किलोहर्ट्झवर स्विच होतो आणि त्याच्या पटी थेट त्या पट्ट्यात येतात. फेराइटमधून वायरचे दोन-तीन वेढे घ्या. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी घूं-घूं स्पीकरमधून येत असेल, तर फोन ऑक्सच्या वायरीने स्टिरिओला जोडलेला आहे आणि अर्थिंगचं वेटोळं झालंय. ऑक्स काढा, आवाज ब्लूटूथवर घ्या.

पॅनल लावताना प्रत्येक क्लिप आपल्या भोकासमोर आहे ना ते पाहून मगच दाबा. फ्यूज टॅपच्या वायरीला कागदाची पट्टी लावून त्यावर ‘जीपीएस, ३ अँपिअर’ असं लिहा, आणि वर पारदर्शक टेप. सर्व्हिस सेंटरमध्ये अनोळखी वायर दिसली की ती आधी उपटली जाते, आणि मूळ फ्यूज परत जागेवर बसेलच याची खात्री नसते. म्हणून गाडी सर्व्हिसिंगला देण्याआधी टॅप काढून मूळ फ्यूज स्वतःच्या हाताने लावलेला बरा.